लाल दिवा पेटल्यावर कोण येतं?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच विषयाची, जपानकडून काय आणि कसं शिकावं याची, निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझं मशीनशॉप आहे. १२ मशीन, ४२ माणसं. पंप आणि व्हॉल्व्हची कास्टिंग फाउंड्रीतून येतात, आम्ही मशीनिंग करून देतो. दोन वर्षांपूर्वी काही उद्योजकांबरोबर आठ दिवस जपानला जाऊन आलो. तिथले कारखाने बघून भारावून गेलो. आल्यावर जमिनीवर पिवळे पट्टे मारले, हत्यारांच्या आकृत्या काढलेले बोर्ड केले, भिंतीवर सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके (निवड, मांडणी, सफाई, ठरलेली पद्धत, शिस्त) असे पाच फलक लावले, सकाळी आठला सगळ्यांची कवायत सुरू केली. साडेतीन लाख रुपये गेले. रिजेक्शन तेव्हा शंभराला सहा होतं, आजही सहाच आहे. आमचे लोकच असे आहेत का, की ही पद्धत आपल्याकडे चालतच नाही?
— एक उद्योजक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. ते आधी मनातून काढून टाका. ‘आपले लोकच असे’ हे मी नोकरीला लागल्यापासून ऐकत आलो आणि ज्यांच्याबद्दल ते बोललं जायचं त्यांच्या शेजारी उभं राहून मी ३६ वर्षं काम केलं. म्हणून उत्तर थोडं लांबणार आहे.

१९८७ साली मी भोसरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होतो. मारुतीची पहिली गाडी १९८३च्या डिसेंबरात गुरगावातून बाहेर पडली आणि पुढची काही वर्षं आमच्या पट्ट्यात जपानशिवाय दुसरा विषय नव्हता. आमचे साहेब लोकही कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आले. प्रत्येक मशीनवर एक लाल दिवा बसवला. काही बिघडतंय असं वाटलं की ऑपरेटरनं मशीन थांबवायचं, बटण दाबायचं, दिवा लागेल आणि मदत येईल. कागदावर यात चुकीचं काहीच नव्हतं.

बोअरिंग मशीनवर एक पन्नाशीचे ऑपरेटर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. पंपाच्या बॉडीचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, ते करायचे आणि गो-नोगो गेजनं तपासायचे. गो बाजू अलगद आत उतरली पाहिजे, नोगो बाहेरच अडकली पाहिजे. दिवे बसवून आठवडा झाला असेल. दुपारी तीनच्या सुमाराला गो गेज आत जाताना जड लागायला लागला. इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कापणारं टोक, झिजला की बोअर लहान येतो. फरक वीसेक मायक्रॉनचा, केसाच्या जाडीहून कमी, पण मामांच्या हाताला तो कळला. त्यांनी मशीन थांबवलं आणि बटण दाबलं.

धावत आले ते प्रॉडक्शन मॅनेजर. त्यांचं पहिलं वाक्य होतं, “संध्याकाळी डिस्पॅच आहे. कुणाला विचारून मशीन बंद केलंस?” वयानं मोठ्या माणसाला अरेतुरे, सगळ्या लाईनसमोर. मी दहा फुटांवर उभा होतो. गेज हातात घेऊन ‘मामांचं बरोबर आहे’ एवढं मला म्हणता आलं असतं. मी गप्प बसलो. त्या संध्याकाळी गेलेल्या मालाच्या तपासणीवर सही माझी आहे. याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर दिवे पेटायचे बंद झाले. पाहुणे यायचे त्या दिवशी मेंटेनन्सचा एक मुलगा दोन-तीन दिवे लावून दाखवायचा. दोन महिन्यांनी एक टेम्पो माल परत आला, कारण ग्राहकाकडे त्या बोअरमध्ये बेअरिंग बसेना. तेव्हा मीटिंगमध्ये साहेब जे म्हणाले ते तुम्हीच पत्रात लिहिलंय : आपले लोकच असे आहेत.

पुढच्या वर्षी नवीन फोरमन आले. त्यांना जपानीचा एक शब्द येत नव्हता. त्यांनी एवढंच जाहीर केलं की दिवा पेटला की पहिला मी येणार. महिनाभर कुणी विश्वास ठेवला नाही. मग एक दिवस मामांनी बटण दाबलं. फोरमन आले, हातातली फाईल बाजूच्या ट्रॉलीवर ठेवली आणि म्हणाले, “बरं केलंत. काय दिसलं?”

मामांनी त्यांना वाकून बघायला लावलं. कूलंटचा, म्हणजे टोक थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, पाइप सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलेला होता. मशीन तासभर चाललं की थरथरीनं पाइप जरासा सरकायचा, धार इन्सर्टच्या टोकावरून हलून बाजूला पडायची, टोक तापायचं आणि झिजायचं. भंगारातल्या पट्टीचा एक क्लॅम्प करून दोन बोल्टनी पाइप आवळला. अर्धा तास लागला. जो इन्सर्ट चाळीस जॉबला हात टेकायचा तो शंभराच्या वर चालला. मी मामांना विचारलं, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं? म्हणाले, चार वर्षं झाली. दोनदा सांगून बघितलं, मग ट्यूब बांधली.

तुमच्या ४२ माणसांत असे मामा किती आहेत?

आता हा दिवा आला कुठून ते सांगतो. साकिची तोयोदा यांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग पुरा केला, त्याची मोठी खुबी अशी की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. इचलकरंजी तुमच्या जवळच आहे. साध्या मागावर ताण्याचा धागा तुटला आणि कामगाराच्या लक्षात आलं नाही तर कापडात दोष कसा धावत जातो, हे तिथं कुणीही दाखवेल. तोयोदांचं म्हणणं होतं की खराब कापड विणत राहण्यापेक्षा थांबणं बरं. पुढे मोटारी करताना याच घराण्याच्या टोयोटा कंपनीनं तोच विचार माणसाच्या हातात दिला : दोष दिसला की कामगारानं दोरी ओढायची. दोरी आणि दिवा डोळ्यांना दिसतात. थांबणाऱ्याला कुणी बोल लावत नाही, ही गोष्ट मात्र आठ दिवसांच्या दौऱ्यात दिसत नाही.

आणि हे फक्त आपल्याकडेच फसतं असं समजू नका. अमेरिकेत जनरल मोटर्सचा कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथं कारखाना होता. गैरहजेरी आणि भांडणं यांनी इतका गाजलेला, की १९८२ मध्ये तो बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तिथंच ‘नम्मी’ नावानं कारखाना सुरू झाला. कामगार बहुतेक तेच, युनियन तीच. त्यांच्या तुकड्या जपानमधल्या ताकाओका कारखान्यात शिकायला पाठवल्या. थोड्याच काळात याच माणसांच्या हातून अमेरिकेतल्या चांगल्यातल्या चांगल्या गाड्या बाहेर पडू लागल्या. ‘लोकच असे’ या म्हणण्याला मला माहीत असलेलं हे सगळ्यात सणसणीत उत्तर.

पण गोष्ट इथं संपत नाही. जनरल मोटर्सनं तीच पद्धत त्याच राज्यातल्या आपल्या व्हॅन नाइज कारखान्यात नेली. दोरी नेली, गट केले, वर्ग घेतले. मात्र दिवसाला गाड्या किती निघाल्या यावरच वरिष्ठांचं मोजमाप होत राहिलं आणि कामगाराचं ऐकून सदोष भाग सुधारून देणारी व्यवस्था मागे उभी राहिली नाही. १९९२ मध्ये तो कारखाना बंद पडला. स्वतःच्याच कंपनीतला नमुना, तोच देश, तीच भाषा, तरीही नुसती उचल कामाला आली नाही.

तुम्ही आता काय करावं? रिजेक्शनचं रजिस्टर काढा आणि गेल्या तीन महिन्यांतला प्रत्येक वाया गेलेला जॉब कारणासकट मांडा. माझा अंदाज आहे की त्यात ब्लोहोलचा, म्हणजे ओतताना कास्टिंगच्या आत राहिलेल्या पोकळीचा, वाटा मोठा असेल. तसं असेल तर तो दोष तुमच्या जमिनीवरच्या पट्ट्यांनी जाणार नाही, त्यासाठी ऑपरेटरला बरोबर घेऊन फाउंड्रीत जावं लागेल. ऑपरेटरलाच न्या, सुपरवायझरला नको. मशीन लावल्यावर कितव्या कटला भोक उघडं पडतं हे त्यानं रोज पाहिलेलं असतं.

‘साठा शून्य करा’ असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर जरा थांबा. टोयोटानं कमी साठ्यावर काम करायची रीत बसवली ती अडचणीतून. युद्धानंतर त्यांच्याकडे पैसा नव्हता, बाजार लहान होता, १९५० मध्ये तर कंपनी बुडायच्या बेतात होती, कामगार कमी करावे लागले आणि साकिचींचे चिरंजीव किइचिरो तोयोदांना अध्यक्षपद सोडावं लागलं. पुढे पुरवठादारांबरोबर वर्षानुवर्षं बसून त्यांनी ती घडी घातली. तुमची कास्टिंग सोमवारची बुधवारी येत असतील तर चार दिवसांचा माल हाताशी ठेवणं हाच शहाणपणा आहे.

कवायतीचं म्हणाल तर ती बंदही करू नका आणि रेटूही नका, माणसांना विचारा. हातकणंगल्याकडून सायकल मारत आलेल्या माणसाला आठ वाजता कवायतीपेक्षा दहा मिनिटं बसून चहा हवा असेल. पट्टे आणि हत्यारांचे बोर्ड चांगलेच आहेत, राहू द्या. पाच जपानी शब्दांच्या जागी मात्र तुमच्या माणसांनी स्वतः शोधलेले दोष, त्यांच्याच अक्षरात, तारखेसह लावा.

आणि दिवा बसवणार असाल तर पहिले तीन महिने तुम्ही स्वतः जा. तुमचं पहिलं वाक्य काय असेल ते आजच ठरवून ठेवा.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवते. मेजी काळातला (१८६८ ते १९१२) जपान शिकवताना एका मुलानं विचारलं, “बाई, जपाननं तर युरोपची सरळ नक्कलच केली आणि पुढे गेला. मग नक्कल वाईट कशी?” मला नीट उत्तर देता आलं नाही. तुम्ही जपानविषयी वारंवार लिहिता, म्हणून विचारते.
— एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : बाई, त्या मुलाला माझा नमस्कार सांगा. मी इतिहासाचा माणूस नाही, पण कारखान्यांचा इतिहास आवडीनं वाचतो. त्याला दोन इमारतींची गोष्ट सांगा.

पहिली टोकियोतली रोकुमेइकान, १८८३ची. परराष्ट्रमंत्री इनोउए काओरू यांनी ती बांधून घेतली, आराखडा जोसाया काँडर या इंग्रज वास्तुकाराचा. उद्देश साधा होता. पाश्चात्त्य देशांनी जपानवर विषम करार लादले होते, परदेशी माणसानं जपानमध्ये गुन्हा केला तर खटला त्याच्याच देशाच्या वकिलातीपुढे चाले. आपण त्यांच्यासारखे कपडे घालतो, त्यांच्यासारखं नाचतो, हे दिसलं की ते आपल्याला बरोबरीचं मानतील, अशी आशा होती. मंत्री आणि त्यांच्या बायका नाच शिकल्या, मेजवान्या झडल्या.

१८८६ मध्ये नॉर्मंटन नावाचं ब्रिटिश जहाज जपानच्या किनाऱ्याजवळ बुडालं. कप्तान आणि युरोपीय खलाशी होड्यांतून वाचले. जहाजावरचे २५ जपानी प्रवासी, सगळेच्या सगळे बुडाले. ब्रिटिश वकिलातीच्या चौकशीत कप्तान आधी निर्दोष सुटला. लोक खवळले तेव्हा पुन्हा खटला झाला आणि शिक्षा झाली तीन महिने. तीन वर्षांच्या नाचानं काय मिळवलं ते त्या दिवशी सगळ्या जपानला कळलं. पुढच्या वर्षी इनोउए यांनी राजीनामा दिला.

करार सुधारले ते १८९४ मध्ये, आणि परदेश्यांची ती न्यायालयं गेली १८९९ मध्ये. मधल्या काळात राज्यघटना झाली, न्यायालयं उभी राहिली, कायदे लिहिले गेले. फ्रेंच कायदेपंडित ब्वासोनाद यांच्या पुढाकारानं झालेला दिवाणी कायदा मंजूर होऊनही १८९२ मध्ये थांबवला, आपल्या समाजाला बसत नाही म्हणून पुन्हा लिहिला आणि १८९८ मध्ये लागू केला. त्या नव्या कायद्यात कुटुंबप्रमुखाचा अधिकार फार होता आणि बायकांच्या वाट्याला फार थोडं आलं, हे मात्र मुलांना जरूर सांगा. ‘आपलं’ म्हणून लिहिलेलं सगळं चांगलं असतं असं नाही.

दुसरी इमारत तोमिओकाची रेशीमगिरणी, १८७२ची. ही माझी आवडती. फ्रान्सहून पॉल ब्र्यूना नावाचा जाणकार आणला आणि कोष उकलण्याची तीनशे यंत्रं मागवली. वरवर पाहता हीसुद्धा नक्कलच. पण जवळून बघा. इमारत विटांची हवी होती आणि तिथल्या कारागिरांना वीट माहीत नव्हती. म्हणून कौलं करणारे कुंभार बोलावले आणि त्यांच्याकडून विटा भाजून घेतल्या. सिमेंट नव्हतं, तर चुन्याचा गिलावा करणाऱ्यांचा चुना वापरला. सांगाडा लाकडी, सुतारांच्या ओळखीचा. यंत्रं मागवतानाच जपानी मुलींच्या उंचीप्रमाणे करून घेतली. हवा दमट असल्यामुळे गुंडाळलेलं रेशीम चिकटायचं, म्हणून ते दुसऱ्यांदा गुंडाळायची सोय केली. परदेशी लोक माणसांचं रक्त पितात अशी अफवा उठली होती, तांबडी दारू बघून उठली म्हणतात, आणि कामाला मुली मिळेनात. तेव्हा गिरणीचे प्रमुख ओदाका यांनी पहिली कामगार म्हणून आपल्या स्वतःच्या मुलीला आणलं. ती चौदा वर्षांची होती.

खरी गंमत पुढे आहे. सरकारी गिरणीला नफा असा फारसा झाला नाही. पण तिथलं काम पाहून सुवा भागातल्या लोकांनी १८७५च्या सुमारास आपली यंत्रं बनवली. लोखंडाच्या जागी जमेल तिथं लाकूड, धातूच्या भांड्यांच्या जागी मातीची भांडी. किंमत फ्रेंच यंत्राच्या कितीतरी पट कमी. धागा कसा जुळवायचा, पाणी किती तापवायचं, पीळ कसा द्यायचा, हे मर्म त्यांनी ठेवलं आणि बाकीचं आपल्या ऐपतीप्रमाणे केलं. पसरली ती हीच यंत्रं. १९०९च्या सुमारास जपाननं कच्च्या रेशमाच्या निर्यातीत चीनलाही मागे टाकलं.

त्या गिरण्यांत पुढे कोवळ्या मुलींना पहाटेपासून रात्रीपर्यंत राबवलं गेलं आणि क्षयानं कित्येकींचे जीव घेतले. यशाच्या आकड्याबरोबर हेही फळ्यावर लिहा.

त्या मुलाला उत्तर असं देता येईल : नाचघरातला कोट दुसऱ्याला दाखवण्यासाठी अंगावर चढवला होता. सुवातल्या सुतारानं यंत्र खोलून बघितलं, कारण त्याला उद्या रेशीम काढायचं होतं.

प्रश्न : मी आयटीआय फिटर आहे. तीन वर्षांसाठी जपानला प्रशिक्षणार्थी म्हणून जायची संधी आली आहे. घरचे म्हणतात, पैसे मिळतील म्हणून जा. माझे सर म्हणतात, शिकायला जा. मी तिथं नेमकं काय शिकू?
— एक विद्यार्थी, सातपूर, नाशिक

उत्तर : जा, आणि पैसेही नीट साठव. त्यात कमीपणा काही नाही. करारातले पगार, कपात, राहण्याचा खर्च आणि सुटीचे नियम सही करण्याआधी मराठीत समजून घे.

शिकण्याचं म्हणशील तर तुझ्याआधी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक माणूस तिथं गेला होता. ईश्वरदास वार्ष्णेय जपानमध्ये काच बनवायला शिकले. इकडे अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करत पैसा फंड उभा केला होता, टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्या फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काचकारखाना निघाला आणि तो चालवायला वार्ष्णेय आले. तिथं नुसता माल निघत नसे, मुलं शिकून बाहेर पडत आणि ठिकठिकाणी काचेच्या भट्ट्या पेटवत. पुण्याला येणं झालं तर तळेगावला उतर. लोकांच्या पैशा-पैशातून कारखाना उभा राहिला ते गाव एकदा बघावं असं आहे.

जपानला गेल्यावर एक जाड वही घे. यंत्राचं नाव आणि मॉडेल लिहून फारसा उपयोग नाही, ते कॅटलॉगमध्ये असतं. मशीन थांबलं की आधी कोण येतं, किती वेळात येतं आणि आल्यावर त्याचं पहिलं वाक्य काय असतं, ते लिही. भाषा येत नाही तोवर नुसते चेहरे बघ. नवीन मुलगा चुकला की जुना माणूस त्याला हात धरून दाखवतो की ओरडतो, तेही लिही. वाईट दिसेल तेही लिही.

आणि सुटीत घरी आलास की ज्या वर्कशॉपमध्ये तू अप्रेंटिस होतास तिथं एक दिवस जा. तिथल्या जुन्या फिटरना तेच प्रश्न विचार आणि वही उलटी करून त्यांची उत्तरं मागच्या पानापासून लिहायला घे.